पंख्यांवरची माणसं

शाळेच्या पंख्यांवर लिहिलेली मेलेल्या माणसांची सगळी नावं मी पुसून टाकली. स्वखुशीनं, पूर्ण शुद्धीत, गौरी-गणपतीच्या सुट्टीत, आणि वर पेंटरला दोनदा चहा पाजून.

आमच्यासारख्या शाळेत जे शिकले नाहीत त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. परतूरच्या बाजूला आमचं गाव. गावच्या माध्यमिक शाळेला पगार सरकार देतं, इमारत संस्था देते आणि वारं देतात मेलेली माणसं. घरातलं कुणी मोठं माणूस गेलं की वर्षश्राद्धाला शाळेला एक पंखा येतो. मुसलमानांच्या घरांतूनही येतो. पंखा एकदा छताला लागला की पेंटर शिडीवर चढून तीन पात्यांवर तीन तुकडे लिहितो: एकावर ‘कै.’, दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’. पंखा फिरायला लागला की माणूस नाहीसा होतो. लाईट गेली की हळूहळू परत येतो. आमच्याकडं लाईट जाते फार, त्यामुळं गावचे पूर्वज पोरांना रोजच्या रोज, दर तासाला दोनदा भेटून जायचे.

मी हे सगळं पुसलं, त्याला कारण नवा अभ्यासक्रम.

नव्या अभ्यासक्रमाचं प्रशिक्षण जालन्याला होतं. शाळेतून मी गेल्तो, कारण बाकीच्यांना त्याच दिवशी ताप आला होता. जेवणानंतरच्या सत्रात मला डुलकी लागली. मी डुलकीत मान डोलावतो, ही माझी जुनी खोड. साधनव्यक्ती म्हणून आलेल्या बाईंना वाटलं, या सरांना आपलं म्हणणं फार पटतंय. त्यांनी मला उभं केलं, सभागृहाकडून टाळ्या वाजवून घेतल्या, आणि मी आमच्या शाळेचा ‘नवीन अभ्यासक्रम प्रमुख’ होऊन गावात परत आलो.

प्रशिक्षणातलं मला एवढंच आठवत होतं: पाठांतर कमी, प्रकल्प जास्त, शनिवारी दप्तर नको, गावाकडून शिका, पोरांना निर्णय घेऊ द्या. आणि आणखी एक गोष्ट, जी ऐकून मी खडबडून जागा झालो होतो. सप्टेंबरात पथक शाळा बघायला येणार.

पहिल्या पाच गोष्टी अवघड होत्या. सहाव्या गोष्टीसाठी फक्त रंग लागणार होता. मी रंग निवडला.

सुट्टीत पेंटरनं सगळे पंखे उतरवून व्हरांड्यात मांडले. कुठलं पातं पिवळं, कुठलं तपकिरी, कुठं लाल अक्षरं, कुठं हिरवी.

पेंटर म्हणाला, “सर, नावं बी घालवायची का?”

मी म्हणालो, “सगळं एकसारखं पाहिजे. आधुनिक.”

“बघा बरं. मंग मला म्हनू नका.”

“तुला कोण म्हणतंय? काढ.”

त्यानं घासून काढली. मग सगळ्या पंख्यांना आकाशी रंग दिला, आणि जो हाताला लागेल तो पंखा ज्या खोलीत हूक दिसेल त्या खोलीत टांगला. मी खाली उभा राहून ‘वा वा’ म्हणत होतो. मोबाईलवर फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘नव्या युगाकडे वाटचाल.’

सुट्टी संपली त्या सकाळी मी शाळेत पोचलो, तर फाटकात आमची मुख्यमंत्री उभी.

हीसुद्धा आमच्याकडची पद्धत आहे. शाळेत दरवर्षी मंत्रिमंडळ निवडून येतं. चिठ्ठ्या टाकून मतदान, मोजणी, शपथविधी, सगळं रीतसर. सहलमंत्री, स्वच्छतामंत्री, परिपाठमंत्री. आजवर या मंत्र्यांची कामं आम्हीच ठरवायचो: पाहुणे आले की गुलाबाची फुलं देणं. त्या वर्षी नववीतली एक मुलगी मुख्यमंत्री झाली होती. घर धनगराचं, आज्यापर्यंत मेंढरं, आता आईबाप दुसऱ्याच्या रानात कामाला. बोलायची कमी. पण ती बोलायला लागली की मला माझे कागद सापडायचे नाहीत.

“सर, चाचीचा पंखा कुठंय?”

“सगळे पंखे आहेत की. बघ, किती छान दिसतात.”

“चाचीचा कोन्ता?”

मी मोबाईलवरचा फोटो काढून बघितला. सगळेच आकाशी.

चाची म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या शेजारची म्हातारी. तिचा नवरा टेलर. आमच्या शाळेच्या दोन पिढ्यांच्या खाकी चड्ड्या आणि निळे झगे त्यानं शिवले. मीही याच शाळेत शिकलो, म्हणजे माझीही चड्डी त्याच्याच हातची. तो गेल्यावर चाचीनं शिवणयंत्र विकलं आणि शाळेला पंखा दिला. पेंटर त्यावर ‘कै.’ लिहायला लागला तेव्हा तिनं शिडी धरून त्याला खाली उतरवलं आणि ‘मरहूम’ लिहायला लावलं. तेव्हापासून दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की गावातली म्हातारी माणसं घरी जायची, आणि चाची नववीच्या वर्गात जाऊन त्या पंख्याखाली बसायची. आम्हाला वाटायचं, हवा खाते.

“हवा न्हाई खात सर,” मुख्यमंत्री म्हणाली. “ऐकती.”

“काय ऐकते?”

“तो पंखा टक-टक वाजतो ना. मशीनसारखा.”

मी त्याच शाळेत वीस वर्षं शिकवतोय. मला कधी ऐकू आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीपर्यंत गावाला खबर लागली. पहिला आला आडत्या. परतूरच्या मोंढ्यात त्याचं दुकान आहे, बोलतो तेव्हा लिलाव पुकारल्यासारखा वाटतो.

“सर! माझ्या बापाला रंग फासला तुमी?”

“तसं नाही हो, आधुनिकीकरण...”

“माझा बाप आधुनिक नव्हता! धोतर नेसायचा! नाव लिवा परत. सतरा तारखेच्या आत. न्हाई त झेंडावंदन झालं की समद्यांसमोर पंखे काढून नेनार आमी. समदे.”

त्याच्या मागं दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीही डुलकीत नव्हतं.

मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्याकडं बघत राहिल्या. त्या रागावत नाहीत, नुसत्या चष्मा पुसतात. त्या दिवशी त्यांनी तो इतका पुसला की मला काचेची काळजी वाटली.

“सर,” त्या म्हणाल्या, “पंखे गेले तर पोरं घामात बसतील, ते एक वेळ चालेल. पण गावानं परत शाळेला काही दिलं नाही, तर?”

मी लगेच तोडगा काढला. माझे तोडगे नेहमी लगेच निघतात, त्यातच त्यांचा दोष आहे. म्हणालो, “मॅडम, पंखा तो पंखा. नावं आठवून कुठल्याही पंख्यावर लिहून टाकू. छतावरचं कोण ओळखतंय?”

त्यातही लगेच भांडण लागलं. ऑफिसातला पंखा जोरात फिरायचा आणि अजिबात आवाज करायचा नाही. लोकांना तो पसंत पडला. जो तो त्याच्यावर बोट ठेवून म्हणायला लागला, हाच आमच्या बाबांचा. एका पंख्याला अर्ध्या गावाचे बाप चिकटले. बाथरूमपुढच्या पॅसेजमध्ये एक कुरकुरणारा पंखा होता, तो मात्र कुणाचाच बाप निघेना.

तेव्हा दारातून आवाज आला. “मॅडम, आमी शोधू का?”

मुख्यमंत्री. मागं तिचं सगळं मंत्रिमंडळ.

मी म्हणालो, “तुम्ही कसे शोधणार? सगळे एकसारखे आहेत.”

“दिसायला हायेत सर. आवाज एकसारखा न्हाई. आन् झोकांडी बी.”

“तुम्हाला कसं माहीत?”

तिनं सहलमंत्र्याकडं बघितलं. तिला मला दुखवायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी सहलमंत्री म्हणाला, “सर, तुमच्या तासाला आमी पंख्याकडंच बघतो.”

मोठ्या मॅडमनी चष्मा घातला. “शोधा,” त्या म्हणाल्या. “आणि सर, हा तुमच्या नव्या अभ्यासक्रमातला प्रकल्प समजा. तुम्ही शिडी धरा.”

पुढचे दिवस मी शिडी धरली.

पोरांनी जे केलं ते मी प्रशिक्षणात जागा असतो तरी मला सुचलं नसतं. मुख्यमंत्र्यांनी नियम केला: पंखा कुणाचा हे घरच्यांनी सांगायचं नाही, जे त्याच्याखाली बसले त्यांनी सांगायचं. एका वेळी एकच पंखा चालू, बाकी सगळे बंद. आधी एका वर्गाची पोरं डोळे मिटून हा आपला का ते ऐकणार, मग त्यांना बाहेर काढून मागच्या वर्षी त्याच वर्गात बसलेली. दोन्ही गटांचं उत्तर वेगवेगळं आलं तर पुन्हा. सगळ्यांत कडक कानाच्या आठवीतल्या मुलीला पंखामंत्री नेमलं. असं खातं अख्ख्या महाराष्ट्रात कुठं नसेल.

दप्तराविना शनिवारी पोरं घरोघर गेली. आधी मी त्यांना प्रश्न लिहून दिले होते: जन्म, शिक्षण, व्यवसाय. मुख्यमंत्र्यांनी ते वाचले, घडी करून ठेवले आणि पोरांना एकच प्रश्न दिला: “मानूस कसं होतं?”

त्या एका प्रश्नाला गाव तासन् तास बोललं. कुणाचा आजा रोज जांब समर्थला पायी जाऊन यायचा आणि येताना भांडण करून यायचा. कुणाची आई कापूस वेचताना सगळ्या बायांना हसवायची, म्हणून मुकादम तिला कोपऱ्यातल्या सरीला लावायचा. एक म्हातारा निजामाच्या काळात पोरगा होता आणि गुरं वळायच्या निमित्तानं कार्यकर्त्यांचे निरोप पोचवायचा. घरच्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही दर सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावर तेच भाषण करायचो. ते मीच करायचो. आणि निरोप्या माझ्याच डोक्यावर गरगरत होता.

आडत्या तिसऱ्या दिवशी आला. ऑफिसातल्या पंख्याखाली खुर्ची टाकून बसला.

“हा माझ्या बापाचा. विषय संपला.”

मुख्यमंत्री त्याच्यापुढं उभी राहिली. “काका, तुमचे बाबा बोलायचे कसे?”

“बाबा?” त्याचा चेहरा एकदम उजळला. “अगं, मोंढ्यात सौदा कराया लागले की आवाज पार स्टेशनापर्यंत! गाडी सुटायची थांबली पाहिजे!”

“आन् घरी?”

“घरी बी तेच! आई कानात कापूस घालायची!”

“मंग काका, ह्यो गप पंखा तुमचा कसा?”

आडत्या वर बघत राहिला. मग असा हसला की बाहेरची पोरं आत आली. “बराबर हाय पोरी. बिलकुल बराबर. माझा कोन्ता?”

पंखामंत्र्यांनी त्याला बाथरूमपुढच्या पॅसेजमध्ये नेलं. तिथला पंखा कण्हत, ओरडत, डुलत फिरत होता. हा पूर्वी ऑफिसात होता, फी भरायला गेलेली सगळी पोरं तो ओळखत होती. आडत्यानं कमरेवर हात ठेवून ऐकलं. “बाबाच!” तो म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले.

मोठ्या मॅडम हळूच मला म्हणाल्या, “म्हणजे ते परत माझ्या डोक्यावर?”

राहिला ऑफिसातला गप पंखा. पोरांनी ऐकलं, दोन्ही गटांचं उत्तर एक आलं. पंखामंत्र्यांनी सांगितलं, तो मुख्यमंत्र्यांच्याच आज्याचा होता. ती स्वतः या निकालात पडली नव्हती. ऐकायलाही आत गेली नव्हती. मी म्हणालो, “अगं, राहू दे ना मग ऑफिसात. मान आहे.” ती म्हणाली, “आठवीत होता सर. आठवीत लावा.” मी शिडी उचलली.

सोळा तारखेपर्यंत सगळे पंखे जागेवर गेले होते. चित्रकलेच्या तासाला पोरं ब्रश घेऊन शिडीवर चढली, नावं परत लिहिली. प्रत्येक पंख्याखालच्या भिंतीवर पुठ्ठ्याची पाटी लागली, माणूस कसं होतं ते सांगणारी. सगळं झालं होतं. फक्त चाचीचा पंखा सापडला नव्हता.

एकही पंखा टक-टक वाजत नव्हता. पोरांनी सगळे वर्ग, ऑफिस, पॅसेज पुन्हा ऐकले. नववीचं छत रिकामं, नुसता हूक. पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, “मी एक बी पंखा घरी नेला न्हाई, देवाशप्पथ. मोजून लावलेत.” मग गेला कुठं? शाळा सुटायची वेळ झाली. सकाळी चाची येणार होती.

मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलो. पथक दुसऱ्याच दिवशी येणार असल्याचा फोन आला होता, म्हणून सहकाऱ्यांना मी प्रकल्पाचं महत्त्व समजावून सांगत होतो. म्हणजे मी त्याला दिशा कशी दिली, मुळात कल्पना कुणाची, असं. रंगात आलो होतो. तेवढ्यात मुख्यमंत्री दारात आली. शिक्षकांच्या खोलीत पोरांना मज्जाव आहे. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला असावा.

“सर, एक मिनिट.”

“थांब गं, मी सांगतोय. तर निरीक्षण हा नव्या अभ्यासक्रमाचा...”

“सर, गप बसा.”

खोलीत सन्नाटा झाला. अशी शांतता त्या खोलीत बांधकाम झाल्यापासून झाली नसेल.

आणि मग डोक्यावर, स्पष्ट: टक-टक-टक-टक-टक.

सुट्टीआधी तिथं नुसता हूक होता; सुट्टी संपल्यापासून मी रोज या नव्या पंख्याखाली बसत होतो. डबाही तिथंच खात होतो.

मुख्यमंत्री वर बघून बाहेर पळत गेली. पुढच्या क्षणाला मैदानावर जो आरडाओरडा झाला तो ऐकून रस्त्यावरची माणसं आत आली. पोरं एकमेकांच्या पाठीवर चढत होती, पंखामंत्र्यांना खांद्यावर घेतलं होतं, शिपाईमामांनी शाळा सुटल्याची घंटा तीनदा वाजवली. मी शिडी आणायला गेलो. मला आता कुणी सांगावं लागत नव्हतं.

सतरा सप्टेंबरला झेंडावंदनाला इतकी माणसं मी आमच्या शाळेत कधी बघितली नव्हती. पंखे काढून न्यायला आलेली माणसं पंखे बघायला थांबली. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि दरवर्षीचं भाषण करायला मी माईककडं निघालो, तर माईक मुख्यमंत्र्यांच्या हातात होता. तिनं भाषण केलं नाही. गुरं वळणाऱ्या निरोप्याची पाटी वाचली, तीही सावकाश. त्याची लेक, केस पांढरे झालेली, पुढच्या रांगेत पदर तोंडाला लावून उभी होती. वाचून झालं आणि अख्खं गाव न सांगता दोन मिनिटं तसंच उभं राहिलं. मी पण. गप.

मग सगळे वर्गांमध्ये शिरले. बाप शोधत, आई शोधत, वाचत, हसत, “अरे हे खरंच असं करायचे!” म्हणत. आडत्या ऑफिसात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला बापाचा आवाज ऐकवत होता. पथक आलं तेव्हा त्यांना कुणी गुलाबाची फुलं दिली नाहीत. फुलं द्यायची कुणाला आठवणच राहिली नव्हती. पथकातल्या मॅडम पाट्या वाचत-वाचत तासभर फिरल्या. शेवटी त्यांनी विचारलं, “हे सुचलं कुणाला?”

मी घसा खाकरला.

मुख्यमंत्री म्हणाली, “सरांमुळं झालं मॅडम. त्यांनी पुसलं नसतं त झालंच नसतं.”

सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. इतक्या मोठ्या आणि इतक्या नको असलेल्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या.

चाची नववीत शिरली. पोरं भिंतीला लागून उभी राहिली. ती नेहमीच्या बाकावर बसली. मुख्यमंत्र्यांनी बटण दाबलं. पंख्यानं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, ‘मरहूम’ दिसेनासं झालं आणि टक-टक सुरू झालं. चाचीनं डोळे मिटले. तिच्या उजव्या पायाचा पंजा चपलेतून निघाला आणि फरशीवर शिवणयंत्राचा पायटा मारावा तसा हलायला लागला.

“हां,” ती म्हणाली. “यहीच.”

वर्गात एकच गलका झाला. पोरांनी बाकं बडवली, खिडकीतून बाहेरच्यांनी ओरडून विचारलं, आतल्यांनी ओरडून सांगितलं, आणि ते ‘यहीच’ फाटकापर्यंत गेलं. मुख्यमंत्री दाराआड जाऊन नाक पुसत होती. मोठ्या मॅडम चष्मा काढून नुसत्या उभ्या होत्या.

मलाही भरून आलं. मी चाचीजवळ गेलो. काहीतरी मनापासून बोलावं असं वाटलं, आणि मला तसं वाटलं की काय होतं ते मी आता सांगायला नको.

म्हणालो, “चाची, आज ठरवलं. मी गेल्यावर माझ्या नावाचा पण एक पंखा द्या म्हणून घरच्यांना सांगून ठेवतो.”

चाचीनं डोळे उघडले. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

“नको रे मास्तर,” ती म्हणाली. “कुन्या येड्यानं पुसला, त तुझ्यासाठी भांडाया कोन येईल?”